परधर्माचा ग्रंथ आणि आपली पंगत

उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्यविद्या संस्थेने १९५१ साली 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' नावाचा एक संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. संपादक सदाशिव लक्ष्मीधर कात्रे. ग्वाल्हेरच्या राजघराण्याचे नाव धारण करणाऱ्या संस्थेने उजेडात आणलेला हा ग्रंथ ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी १८४४-४५ च्या सुमारास लिहिला गेला होता. ग्रंथकर्ते नीळकंठशास्त्री गोरे हे झांशीजवळच्या खेड्यात १८२५ साली जन्मलेले, काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना शेजारचेच म्हणावेत असे. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' हे संस्कृत पुस्तक लिहून आपल्या शास्त्रांवर आक्षेप घेतले होते. त्यांना हे उत्तर होते. पूर्वकर्म मुळीच नसेल, तर एक जीव जन्मतः सुखी व दुसरा जन्मतः दुःखी का? थोड्या वर्षांच्या पापाला अनंत नरक हा कोणता न्याय? गोऱ्यांच्या या प्रश्नांची धार आजही बोथट झालेली नाही.

आणि १८४८ साली याच नीळकंठशास्त्र्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही कथा ऐकली म्हणजे आपल्यातील वडीलधारी मंडळी सहज म्हणतात, "म्हणूनच तो ग्रंथ हाती धरू नये." हा निष्कर्ष बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यामागे नुसती भीती नाही, आठवण आहे. ती हसण्यावारी नेण्याचा अधिकार कोणालाही नाही. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. देवांना रातोरात नदीपार करावे लागले, आणि मागे राहिलेली देवळे जमीनदोस्त झाली. १५६० साली गोव्यात सुरू झालेले धर्मन्यायालय मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत चालले. एक भाऊ राहिला व बाटला, दुसरा निघून गेला, अशी घरे कितीतरी. गोव्याशी नाते सांगणारी जी कुळे पुढे शिंद्यांच्या चाकरीत उत्तरेस चढली, आणि ज्यांच्यात बक्षी जिवबादादा केरकरांसारखा कर्ता पुरुष निपजला, त्यांनी कुलदेवतेच्या नावाबरोबर ही आठवणही नेली. तेव्हा 'ख्रिस्ती शास्त्र' म्हणताच मन आखडते, यात नवल नाही.

परंतु ज्या सत्तेने देवळे पाडली ती आणि ज्या ग्रंथाचे नाव तिने घेतले तो ग्रंथ, यांच्यामध्ये सुमारे पंधराशे वर्षांचे अंतर आहे. 'नवा करार' म्हणून ओळखला जाणारा हा संग्रह सत्तावीस लहानमोठ्या लेखांचा आहे. त्यातील सर्वांत जुने लेख म्हणजे शुभवर्तमाने नव्हेत, तर पौलाची पत्रे. ती सन ५० च्या आगेमागे, येशूला सुळी दिल्यानंतर वीसएक वर्षांनी लिहिली गेली. मार्काचे शुभवर्तमान सन ७० च्या सुमाराचे, योहानाचे शतकाच्या अखेरीचे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येशू अरामी भाषेत बोलत असे. त्याच्याविषयीचे हे लेख मात्र ग्रीक भाषेत आहेत. याच सत्तावीस लेखांची नेमकी यादी प्रथम आढळते ती थेट सन ३६७ मध्ये, आलेक्सांद्रियाच्या अथनासियसच्या पत्रात. म्हणजे आरंभीच्या मंडळीजवळ बांधलेला ग्रंथ नव्हता, मंदिर नव्हते, सत्ता तर नव्हतीच. कोणाच्या तरी घरी जमावे, आलेले पत्र मोठ्याने वाचावे, एकत्र जेवावे, एवढाच तिचा संसार होता.

आणि तिचा पहिला मोठा तंटा उद्भवला तो याच जेवणावरून. अंत्युखिया नगरात यहुदी आणि अन्यजातीय अनुयायी एका पंगतीस बसू लागले. पेत्रही त्यांच्याबरोबर जेवत असे. पुढे यरुशलेमहून काही कडवे यहुदी आले, तेव्हा लोक काय म्हणतील या धाकाने तो पंगतीतून उठला. त्याचे पाहून इतरही उठले. पौलाने सर्वांसमक्ष त्याला दोष दिला. ही हकीकत पौलाच्याच पत्रात आहे. सुंता केल्यावाचून, यहुदी आचार पाळल्यावाचून परक्याला आत घेता येईल काय, हा त्यामागचा प्रश्न. यरुशलेमेत वडीलधाऱ्यांची सभा भरली आणि सुंतेची अट नसावी असे ठरले, असा वृत्तान्त 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आहे.

पंगतीतून उठलेला तो मनुष्य आपल्या ओळखीचा नाही काय? १९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यातील हजारो गावड्यांना शुद्ध करून हिंदू धर्मात परत घेतले. ज्यांचे पूर्वज बळाने नेले गेले होते, ते आपल्या पायांनी परत आले. आपण त्यांना दारात घेतले. पण पाटावर घेतले काय? 'नवहिंदू गावडे' हे निराळे नाव त्यांच्यामागे लागले ते लागलेच. दोन हजार वर्षांपूर्वी अंत्युखियात जो प्रश्न पडला, तो आपल्याच अग्रशाळेत आपल्याला पडला होता. आपण पौलासारखे वागलो की पेत्रासारखे, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्याशीच द्यावे. परधर्माचा ग्रंथ वाचण्याचा पहिला लाभ हा, की आपल्या घरातली गोष्ट दुसऱ्याच्या घरात पाहिल्यावर ती अधिक स्वच्छ दिसते.

यावर कोणी म्हणेल, "तर मग ग्रंथ निर्दोष आणि दोष तेवढा पोर्तुगीजांचा, असे का?" तसेही नाही. त्या ग्रंथात यहुद्यांविषयी कठोर उद्गार आहेत, आणि पुढील शतकांत त्यांचा भयंकर उपयोग झाला. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, असा उपदेशही आहे. तारणाचा मार्ग एकच, असा आग्रह आहे. सन ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाच्या काळात या पंथाला मोकळीक मिळाली, सन ३८० मध्ये तो साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरला, आणि काल ज्यांचा छळ होत होता त्यांच्याच नावाने इतरांची मंदिरे बंद पडू लागली. बी आणि झाड यांचा संबंध तोडता येत नाही. पण प्रत्येक बीचे असेच झाड होते, असेही नाही. हे तारतम्य ग्रंथ वाचणाऱ्यालाच येते. न वाचणाऱ्याजवळ फक्त आठवण उरते, आणि नुसत्या आठवणीला तारतम्य नसते.

आता पुन्हा नीळकंठशास्त्र्यांकडे वळू. त्यांनी वाचले म्हणून ते गेले, असे आपण म्हणतो. मला कारण निराळे दिसते. ते वाचावयास बसले ते वकिलासारखे. प्रतिपक्षाच्या शास्त्राला त्यांनी तर्काची कसोटी लावली आणि आपल्या शास्त्राला श्रद्धेचे कवच दिले. पुढे बाप्तिस्म्यानंतर त्यांनी १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' लिहून तीच कसोटी आपल्या दर्शनांना लावली. पक्ष बदलला, पण मापे दोन ती दोनच राहिली. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी येथे शंका नाही. त्यांनी विरक्त वृत्तीने आयुष्य काढले. पण ज्या वाचनाचा हेतू केवळ जिंकणे हा असतो, ते आज या बाजूने लढते, उद्या त्या बाजूने लढू शकते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्याशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. त्यांच्या वळणात गोऱ्यांच्या लेखनाचाही वाटा होता. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु त्रैक्याचा सिद्धान्त मूळ ग्रंथात आढळत नाही म्हणून तो मानण्यास त्यांनी तेथील गुरुजनांना नकार दिला. गोरे चर्चच्या परंपरेचा अधिकार मानीत, रमाबाई ग्रंथाचा. श्रुती मोठी की शिष्टाचार, हा आपला जुना वाद दोन मराठी संस्कृतज्ञ परक्या धर्मात जाऊनही खेळत होते! पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या मराठीत सबंध बायबल उतरवले, आणि ते काम हातावेगळे करून १९२२ साली त्यांनी देह ठेवला. त्यांचा मार्ग आपला नव्हे. पण एखादा ग्रंथ आपला म्हणावयाचा तर त्याच्या मुळापर्यंत गेले पाहिजे, ही त्यांची निष्ठा आपल्यापैकी किती जणांनी वेदाच्या बाबतीत दाखविली?

भगवद्गीतेने परधर्माविषयी जो इशारा दिला आहे, तो दुसऱ्याचे कर्तव्य अंगीकारण्याविषयी आहे. दुसऱ्याचा ग्रंथ समजून घेण्याविषयी नाही. फादर स्टीफन्सने आपल्या पुराणांचा व संतांच्या ओवीचा अभ्यास केला, म्हणूनच १६१६ साली त्याचे मराठी 'क्रिस्तपुराण' राचोल येथे छापले गेले. कोंकणीचे पहिले व्याकरणही त्याच्याच हातचे. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे खरे. पण ज्याला आपण परका म्हणतो त्याने आपली भाषा इतकी आत्मसात करावी आणि आपण त्याच्या ग्रंथाची पानेही उलटू नयेत, यात स्वधर्माचा कोणता अभिमान आहे?

आपल्या मुलांना हे प्रश्न शाळेत, कचेरीत, परदेशी, कोणीतरी विचारणारच. त्या वेळी त्यांच्याजवळ नुसता राग असू नये. देव नदीपार का न्यावे लागले हे त्यांना सांगावे, अंत्युखियातील पंगतीची गोष्टही सांगावी, आणि दोन्ही ग्रंथांना एकच माप लावण्यास शिकवावे. त्या मापाने आपल्या पदरातही काही उणे निघेल. ते निघाले तर मुलांपासून लपवू नये. पुढच्या उत्सवात पंगत मांडताना ते भरून काढावे.