जांभळीखालचं वारूळ

सावंतवाडीजवळच्या एका गावात, जांभळीखाली कमरेएवढं वारूळ होतं. आजी नागपंचमीला त्याला हळदकुंकू वाहायची आणि पावसाळ्यातली पहिली अळंबी तिथूनच आणायची. देठ अलगद मोडायची, कळ्या राखायची. त्या जांभळीखाली पाला कधी साचलेला दिसायचा नाही.

नातू आठवीत होता. व्हिटाकर यांनी १९६९ साली मांडलेल्या पाच सृष्टींचा तक्ता त्याला शाळेत न्यायचा होता. आजी अळंबीला भाजी म्हणायची. लिनियसनेही तिला वनस्पतींतच बसवलं होतं. नातवाने आजीला समजावलं, अळंबी ही बुरशी. हिच्यात हरितद्रव्य नसतं, ही बाहेरच अन्न पचवते आणि मग शोषून घेते. मुलाचं बोलणं खरं होतं आणि आजीने ते कौतुकाने ऐकलं.

त्याला अळंबी मुळासकट हवी होती. ओढली की मूळ तुटायचं. त्याने पहार उचलली.

"झिला, वारूळ खणू नको हां," आजी ओसरीवरून ओरडली. तोवर पहार आत गेली होती.

मूळ हातभर खाली उतरलं होतं. तिथे अक्रोडाच्या गरासारखा सुरकुतलेला, राखाडी-तपकिरी गोळा होता आणि त्यावर मोहरीएवढे पांढरे दाणे. वाळवी सुका पाला, लाकूड कुरतडून आणते, तिच्या विष्ठेचाच हा गोळा. त्यावर बुरशी वाढते. वाळवीला न पचणारा लाकडाचा कठीण भाग बुरशी मऊ करते आणि वाळवी तेच खाते. बुरशीला घर आणि चारा वाळवीचा, वाळवीला अन्न बुरशीचं. शेतकरीच म्हणा ना!

बोटाएवढी राणीही सापडली. नातवाने तीन बरण्या भरल्या: प्राणी, कवक, वनस्पती. नावं सुवाच्य अक्षरांत लिहिली.

चार दिवसांत वाळवी मेली. साफ करणारं कुणी उरलं नाही, तेव्हा गोळ्यावर दुसरीच बुरशी चढली आणि तो काळा पडला. बरणीतलं जांभळीचं पान तेवढं जसंच्या तसं राहिलं.

पुढच्या पावसाळ्यात आजी रोवळी घेऊन गेली, नातू मागोमाग. ढासळलेल्या वारुळापाशी ती क्षणभर थांबली आणि काही न बोलता पुढच्या रानाकडे वळली.

तो तिथेच उभा राहिला. जांभळीखाली घोट्याएवढा पाला साचला होता.