दिसत नाही ती पायरी

बसवनगुडीतल्या त्या घरात जिन्याच्या पायऱ्या बसवल्या, त्या दिवशी अज्जी खाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. वय ब्याऐंशी. घर देशस्थ माध्वांचं. त्यांचं मराठी आमच्या बेळगावच्या मराठीहून जुनं आणि निम्मं कन्नड. खालच्या पायरीतून मागच्या अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत होतं.

"पायरी कुठं आहे रे?"

"ही काय, अज्जी."

"दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच तर तुमच्या नातवानं एवढे पैसे मोजलेत."

अज्जी हसल्या नाहीत. "लालबागेतलं गाजिनमने मी लहानपणापासून बघते. तिथं काच डोक्यावर आहे. काचेवर पाय ठेव म्हणून कुणी सांगितलं नाही."

त्यांचं बरोबर होतं. लालबागेच्या त्या काचघराची पायाभरणी १८८९ सालची. तिथं काचेनं फक्त ऊन आत सोडायचं असतं. माझ्या काचेनं माणूस पेलायचा असतो.

मी वीस वर्षं बंगळुरात जिने करतो. लोखंडाचं काम पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत होतं, काच तयार होऊन येते. एका पायरीत तीन काचा असतात, प्रत्येकी १२ मिलिमीटर, आणि त्यांना चिकटवणारे दीड-दीड मिलिमीटरचे दोन पारदर्शक थर. काच ६०० अंशांच्या वर तापवून हवेच्या झोतानं झटक्यात गार करतात. बाहेरचं अंग दाबलेलं राहतं, गाभा ताणलेला, आणि बाहेरच्या त्या दाबातूनच तिला बळ येतं. त्यानंतर मात्र ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. माप चुकलं की काच भंगारात.

"आणि फुटली तर?" अज्जींनी विचारलं.

फुटू शकते. एखाद्या काचेत निकेल सल्फाइडचा बारीकसा कण अडकलेला असतो. तो हळूहळू फुगतो आणि काही वर्षांनी, कुणी हातही न लावता, काच तडकते. म्हणून कारखान्यात ती पुन्हा तापवून बघतात. फुटायची ती बहुतेक तिथंच फुटते. तरीही मी हिशेब धरतो तो वरची काच फुटली आहे असं समजून, उरलेल्या दोन काचांवर. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मीच केलेल्या जिन्याची वरची काच रात्रीतून अशी गेली. सकाळी पाहिलं तर पायरीभर भेगांचं जाळं, पण खाली एक तुकडा नाही. मालकांची खात्री पटावी म्हणून मी त्या पायरीवर दोन्ही पायांनी उभा राहिलो. गुडघे कापत होते, हे त्यांना सांगितलं नाही.

हे ऐकून नातू म्हणाला, "बघ अज्जी, याला म्हणतात पुरावा. तुझ्या देवाचं तसं नाही. दिसत नाही, म्हणजे नाही."

"जिना तरी कुठं दिसतोय?" अज्जी म्हणाल्या.

तो निरुत्तर झाला. मीही झालो. पण त्या रात्री घरी जाताना मला आजोबा आठवले. बेळगावात आमच्या माडीवर ते वेदान्ताचे पाठ घेत. मीमांसकांचं एक प्रमाण ते शिकवायचे: अनुपलब्धी. टेबलावर पेला दिसत नाही, म्हणून पेला नाही, हे ज्ञान खरं. पण त्याला एक अट आहे. ती वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी हवी. अंधाऱ्या खोलीत पेला दिसला नाही, म्हणून तो नाही असं म्हणता येत नाही. दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त नास्तिकांना याच अटीवर अडवलं: ईश्वर मुळात डोळ्यांनी दिसण्याजोगा नाही, तेव्हा तो न दिसण्यावरून तो नाही हे सिद्ध होत नाही.

म्हणजे अज्जींचा टोला शास्त्रशुद्ध होता. पण माझा धंदा मला तेवढ्यावर थांबू देत नाही. अशा वस्तूचं न दिसणं हा नसण्याचा पुरावा नाही, तसा तो असण्याचाही पुरावा नाही. नाहीतर दोन मजल्यांमधल्या कुठल्याही पोकळीला जिना म्हणून मी बिल पाठवलं असतं! मयसभेत दुर्योधनाची फजिती दोन्ही बाजूंनी झाली, हे आपण विसरतो. त्यानं स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजून वस्त्रं सावरली, आणि पाण्याला जमीन समजून तो त्यात पडला. नास्तिकाची चूक पहिली असेल, तर भाबड्या भक्ताची दुसरी. दुसरीत माणूस भिजतो.

मग पाऊल टाकायचं कशाच्या भरवशावर? दुसऱ्या दिवशी मी अज्जींना दोरी-सापाचा दाखला द्यायला गेलो. दोरी आहे हे कळलं की भीती जाते, तसं ही काच भक्कम आहे हे कळलं की...

"ते शंकराचार्यांचं," त्यांनी मला मध्येच तोडलं. "आम्ही माध्व. आमच्यात जग खरं आहे, आणि पडल्यावर मोडलेलं हाडही खरं."

खरं तर माझा दाखला अद्वैतातही पुरा नव्हता. 'पंचदशी'त विद्यारण्यांनी कबूल केलं आहे की दोरी ओळखल्यावरही अंगाचा कंप लगेच थांबत नाही, तो सावकाश ओसरतो. शृंगेरीच्या त्या स्वामींनी चौदाव्या शतकात लिहिलेलं माझ्या गुडघ्यांना त्या दुकानात कळलं होतं. आकडेमोड माझीच, तरी पाय माझं ऐकत नव्हते. डोक्याला कळतं ते पायाला एकेक पायरी करत शिकावं लागतं. श्रद्धा मला या शिकण्यात दिसते. ती ज्ञानाच्या आधी मारलेली उडी नव्हे; कळून चुकल्यावरही कापत टाकलेलं पाऊल आहे.

पायाला शिकायला मात्र काहीतरी खूण लागते. मी पहिल्या नकाशात प्रत्येक पायरीच्या कडेला दुधी पट्टी दाखवली होती. 'स्वच्छ काचच हवी' म्हणून नातवानं ती काढायला लावली. आता त्यालाच विचारून मी कडांवर बोटभर रुंदीची दुधी फिल्म चिकटवली. ती वजन पेलत नाही. पायरी कुठं संपते एवढंच डोळ्याला सांगते.

अज्जींनी वाकून पट्टीवरून बोट फिरवलं. "ही म्हणजे पायरी नव्हे."

"नव्हे."

"पण हिच्यावाचून पायरी सापडेना." त्या सरळ झाल्या. "आमच्या प्रतिमेसारखी. प्रतिमा म्हणजे देव, असं आम्ही कधी म्हणत नाही. देव तिच्यात आहे म्हणतो."

मग त्यांनी चपला काढल्या, डाव्या हातानं कठडा धरला, उजव्या हातानं नातवाचा खांदा. चौथ्या पायरीवर त्यांचा पाय थरथरला. त्या थांबल्या, खाली तुळशीकडे पाहिलं, आणि पाचवी चढल्या.