हात सावरणारे

शास्त्रपाठ : निर्गम १७:८-१५

रफीदीम येथे यहोशवा अमालेक्यांशी लढत होता आणि मोशे टेकडीच्या माथ्यावर हात उंचावून उभा होता. त्याचे हात जड झाले, तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याला धोंड्यावर बसविले आणि दोहों बाजूंनी त्याचे हात सावरून धरले. त्याची काठी मात्र त्यांनी आपल्याकडे घेतली असे लिहिलेले नाही.

ज्याची बायपास शस्त्रक्रिया तातडीने करावयाची आहे, अशा रुग्णाचे हृदय कधी कधी तोवरही तग धरील असे दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर मांडीच्या रक्तवाहिनीतून एक लांबट फुगा सरकवून, हृदयातून निघून पाठीकडून खाली उतरणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत ठेवतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ साली हा उपाय प्रथम रुग्णावर केला. फुग्यात हेलियम वायू भरतो तो हृदय विसावत असताना. त्यामुळे हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांना अधिक रक्त मिळते. हृदय आकुंचन पावणार तोच फुगा रिकामा होतो आणि त्याचे काम हलके होते. ठोका हृदयाचाच! पण मेळ चुकून फुगा अवेळी फुगलेला राहिला, तर त्या दमलेल्या हृदयाला फुग्याविरुद्धच जोर लावावा लागतो.

हे वाचताना आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवली. आमच्या शब्बाथशाळेतील एका बाईंचे यजमान इस्पितळात होते. आम्ही डबे पोचविले, प्रार्थनेस गेलो, त्यांचा वर्गही घेतला. इथवर ठीकच झाले. तीन महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा "बाई, तुम्ही विसावा घ्या, आम्ही आहोत ना," असे म्हणून वर्ग आम्ही आपल्याकडेच ठेवला. प्रेमापोटी ठेवला, असे आम्ही म्हणत असू. बाई मागच्या बाकावर बसू लागल्या, आणि पुढे येईनाशा झाल्या. पौल गलतीकरांस एकाच अध्यायात दुसऱ्याची ओझी उचलण्यास सांगतो, आणि ज्याचा भार त्यानेच वाहावयाचा असेही. आम्ही पहिलेच तेवढे पाठ केले होते.

फुगा काढावयाचा असतो तेव्हा प्रथम प्रत्येक ठोक्याला, मग दोन ठोक्यांत एकदा, मग तिनांत एकदा, अशी मदत कमी करीत नेता येते. शिवाय फुगा काही तारणारा नव्हे. झटक्यानंतर रक्ताभिसरण कोसळलेल्या ६०० रुग्णांची जर्मनीतील पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत फुगा लावलेले व न लावलेले यांच्यातील ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. म्हणून आता तो सरसकट लावीत नाहीत, रुग्ण पाहून ठरवितात.

सूर्य मावळेपर्यंत मोशेचे हात स्थिर राहिले. पुढे वेदी बांधली ती मोशेने. तेथे अहरोन व हूर यांचे नाव येत नाही.

येत्या रविवारी वर्गाचे हजेरीपुस्तक घेऊन आम्ही त्या बाईंच्या घरी जाणार आहोत. त्या दार उघडतील अशी आशा आहे.