पाणी किती चढले?

खोटे बोलू नये असे आपण मुलांना घरात शिकवतो. शाळेतही तेच शिकवतात. परंतु शास्त्राच्या तासाला त्याच मुलाला वहीत खोटे लिहायला लावले जाते आणि त्याबद्दल पूर्ण मार्क दिले जातात, हे किती पालकांच्या ध्यानात येते? आरोप कडक आहे, म्हणून एकाच प्रयोगावर तो तपासून पाहू.

वाचकहो, हा प्रयोग आपल्यापैकी पुष्कळांनी मुंबईत किंवा कोकणात शिकताना सहावी-सातवीत पाहिला असेल. बशीत पाणी घ्यायचे, मध्ये मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावर काचेचा पेला उपडा घालायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते व पाणी पेल्यात वर चढते. मग शिक्षक सांगतात, हवेत एकपंचमांश प्राणवायू असतो, तो मेणबत्तीने संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली. मुले 'निरीक्षण' या मथळ्याखाली लिहितात: पाणी एकपंचमांश चढले. खाली आकृती. झाले.

प्रत्यक्षात काय होते? एक तर पाणी सर्वांच्या पेल्यात सारखे चढत नाही. कोणाचे जास्त, कोणाचे कमी. दुसरे, ज्योत जळत असताना ते फारसे चढत नाही. ती विझल्यावर एकदम चढते. प्राणवायू हळूहळू संपत असता तर पाणीही हळूहळू चढले असते. तिसरे, एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी बरेच अधिक चढते. हवेतला प्राणवायू मेणबत्त्या मोजून थोडाच वाढतो!

खरे कारण असे. ज्योतीने पेल्यातली हवा तापते, फुगते, आणि तिच्यातली काही कडेने बुडबुडे होऊन निघून जाते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. प्राणवायू संपतच नाही. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, आणि १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. शिवाय जो खर्च होतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतो, आणि तोही जागा अडवतोच. म्हणजे उत्तर एकपंचमांशच्या जवळ आले तरी तो योगायोग. कारण चुकीचे, आकडा तेवढा बरोबर.

यावर कोणी म्हणेल, लहान मुलांना सोपे करून सांगावेच लागते, त्यात खोटे कसले? हे मला अर्धेच मान्य आहे. सूर्य उगवतो असे आपण म्हणतो. अणूचे चित्र काढताना इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरताना दाखवतो. ते अपुरे आहे, पुढच्या इयत्तेत दुरुस्त होते. त्याने मुलाच्या डोळ्यांना खोटे पाडले जात नाही. मेणबत्तीच्या प्रयोगात मात्र मुलगा स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाव पेला चढलेले पाहतो आणि वहीत 'एकपंचमांश' लिहितो. पुस्तक व डोळे यांत भांडण झाले की डोळ्यांनी हार मानायची, हा धडा तो त्या तासाला शिकतो. प्राणवायू तो पुढे विसरेल, हा धडा विसरणार नाही. शिक्षकाने वगळणे आणि शिक्षकाने खोडायला लावणे यांत मला नैतिक फरक दिसतो.

वयही नेमके तेच आहे. बारा ते पंधरा वर्षांचे मूल, आपण इथे ज्याला खतिवात बेनायिम म्हणतो त्या वर्गांतले, मोठे सांगतात म्हणून मानायचे की स्वतः बघून मानायचे, याचा निकाल त्याच सुमारास लावत असते. त्याआधी ते आपले ऐकते. नंतर, आपण जाणताच, कोणाचेच ऐकत नाही.

शिक्षकावर सगळे दोष टाकणे मात्र अन्याय होईल. वर्गात चाळीस मुले, तास पाऊण तासाचा, पुढे परीक्षा. तरीही दुसरी वाट चालून पाहिलेली माणसे आहेत. मध्य प्रदेशच्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी १६ सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे शास्त्र नव्याने शिकवायला घेतले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञही मदतीला गेले. 'बाल वैज्ञानिक' नावाच्या त्यांच्या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. मुले टोळ्या करून प्रयोग करीत आणि आपापल्या निष्कर्षांवर वर्गात वाद घालीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा! मुलांच्या शंकांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याला पत्र लिहिले की उत्तर येई. १९७८ मध्ये कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो सांभाळला आणि २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. पण गावच्या शाळेत, महागड्या प्रयोगशाळेशिवाय, हे तीस वर्षे चालले. तेव्हा 'शक्यच नाही' हे उत्तर मला पटत नाही.

आणि एकपंचमांशच दाखवायचे असेल तर खरा प्रयोगही आहे. परीक्षानळी आतून ओली करून तिच्यात लोखंडाचा कीस चिकटवा आणि ती पाण्यात उपडी ठेवा. लोखंड गंजताना प्राणवायू ओढून घेते व त्याच्या जागी दुसरा वायू सोडत नाही. दोन-चार दिवसांनी पाणी पाचव्या हिश्श्याच्या जवळ चढलेले असते. वेळ लागतो एवढेच. तासाच्या घंटेत ते बसत नाही.

राहिला अवघड प्रश्न मार्कांचा. परक्या भाषेच्या देशात येऊन आपण मुलांच्या मार्कांकडे डोळे लावून बसलो, यात गैर काही नाही. मग नातवंडाने खरे लिहून मार्क गमवावे असे आजीने सांगावे काय? बारा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर मोठ्यांच्या व्यवस्थेचे ओझे द्यावे असे मला वाटत नाही. मी सुचवतो ते एवढेच: वहीत दोन ओळी लिहाव्यात. 'माझ्या पेल्यात पाणी इतके चढले.' खाली, 'पुस्तकात इतके दिले आहे.' त्याने कोणाचा अपमान होत नाही. यावरही एखाद्या मोराने मार्क कापले, तर ती वही घेऊन शाळेत आपण जावे, मुलाला पाठवू नये. जाताना तीन मेणबत्त्या आणि एक पेला बरोबर न्यावा.