तिचाही रविवार



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात पेत्राच्या सासूची हकिगत आहे. दिवस शब्बाथाचा. कफर्णहूमच्या सभास्थानातील उपासना आटोपून प्रभू येशू पेत्राच्या घरी येतो. सासू तापाने पडून आहे. घरची माणसे लगेच त्याला तिच्याविषयी सांगतात. येशू तिचा हात धरून तिला उठवतो. ताप निघतो आणि ती त्यांची सेवा करू लागते.

आपल्या लक्षात बहुधा शेवटचे वाक्यच राहते. बरी झाली, कामाला लागली! पण त्याआधी घरच्यांनी तिच्या दुखण्याची दखल घेतली होती आणि प्रभूने तिचा हात हाती घेतला होता.

आपल्या वसईत साठी ओलांडलेल्या कितीतरी माता आजही कमावत्या आहेत. कोणी पहाटेच्या लोकलने फुले, भाजी घेऊन मुंबई गाठते, कोणी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करते, कोणी शिकवण्या घेते. घरी परतल्यावर नातवंडे, आजारी पतीचे औषधपाणी आणि रात्रीचा स्वयंपाक तिचीच वाट पाहत असतात. तिच्या पैशातून नातवाची फी भरली जाते. तिच्या गुडघ्याचा इलाज मात्र पुढच्या महिन्यावर ढकलला जातो.

अशाच एका मातेला मी विचारले, "मावशी, रविवारी मिस्साला दिसला नाहीत?" ती म्हणाली, "फादर, घरी पाहुणे होते. सगळ्यांना पाठवलं, मी चुलीजवळ थांबले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मनाला लागले.

शब्बाथाची आज्ञा देताना परमेश्वराने दासदासींना, परक्याला, इतकेच नव्हे तर बैलाला आणि गाढवालाही विसावा दिला. मग आपल्या घरात आईलाच विसावा नसेल, तर ती आज्ञा आपण पाळली असे म्हणता येईल काय? पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ साली स्त्रियांना लिहिलेल्या पत्रात काम करणाऱ्या स्त्रियांचे आभार मानले. आपण आपल्या घरात ते कधी मानले?

येत्या रविवारी एवढे करू या. घरातल्या पुरुषांनी, मुलांनीही स्वयंपाकाला हात लावावा. आईला सोबत घेऊन मिस्साला यावे. घरी गेल्यावर तिच्याजवळ बसून विचारावे, "आई, कुठे दुखतंय?"

आणि मातांनो, "मी थकले" म्हणणे हे पाप नव्हे. पेत्राच्या सासूनेही आपला हात प्रभूच्या हाती दिला होता.

हे प्रभो, आमच्या घरी ये आणि आम्हांला न दिसणारा ताप आम्हांला दाखव. आमेन.