सगळ्या किल्ल्या एकाच कमरेला?



हंगामात हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते. भाव, वजन, चिठ्ठी, चुकारा हे सारे जिनिंगचा मालक एकटाच पाहू लागला, तर शेतकरी रात्रभर ताटकळतो. मालक म्हणतो, ‘मी किती राबतो!’ पण भुर्दंड कोणाला?

मोशेचे असेच झाले होते (निर्गम १८). लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायासाठी उभे राहत. सासरा इथ्रो याने त्याला सुचवले : देवभीरू, लाचेचा तिटकारा असणारी माणसे निवड, लहान वाद त्यांना दे, अवघड तेवढे स्वतःकडे ठेव. यरुशलेमेत अन्नवाटपात विधवांची आबाळ झाली, तेव्हा प्रेषितांनी ती सेवा स्तेफनासह सात जणांवर सोपवली, प्रार्थना व वचनसेवा स्वतःकडे ठेवली (प्रे. कृत्ये ६).

जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि कारभार बेझनजी मेहता यांच्या हाती दिला. मेहता रेल्वेतून आलेले, कापडधंद्यात नवखे. टाटांनी आधी माणूस पारखला, मग विश्वास टाकला.

काम सोपवताना स्वतःला विचारा : हे दुसरा करू शकेल का? मी अडवून धरल्याने कोण खोळंबले आहे? मात्र नकोसे ओझे ढकलणे म्हणजे सोपवणे नव्हे. कामाबरोबर अधिकार द्यावा लागतो. जबाबदारी आपलीच राहते. दुकानात, घरात आणि चर्चमध्येही.

या आठवड्यात एक किल्ली विश्वासाने दुसऱ्याच्या हाती द्या. प्रभू आपणांस ते औदार्य देवो. आमेन.