दोन घरांचं लेकरू

सिंधुदुर्गातल्या देवळात गाऱ्हाणं घातलं जातं तेव्हा देवापुढे नारळ-विडा ठेवलेला असतो. गाऱ्हाणं घालणारा गावाची एकेक अडचण देवाच्या कानी घालतो, आणि मागे हात जोडून उभी असलेली मंडळी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या गाऱ्हाण्यात गावात राहणाऱ्यांइतकीच मुंबईला नाहीतर परदेशात पोटामागे गेलेल्या लेकरांची आठवण असते. देवाची राखण गावाच्या वेशीपाशी संपत नाही, हे इथं कुणाला पटवून द्यावं लागत नाही. पण एखादं टाकलेलं तान्हं मूल परदेशी आईबापांनी दत्तक नेलं, की तीच माणसं हळहळतात: 'कुळापासून तुटला गो पोर.' ही हळहळ खरी आहे. तिच्यामागचा समज मात्र तपासून पाहायला हवा.

मुलाला एकच कुळ असतं आणि दत्तक दिलं की ते सुटतं, हा तो समज. त्याला शास्त्राचा आधार आहे असं आपण धरून चालतो. पण जुन्या शास्त्रातलं दत्तकविधान मुलासाठी नव्हतंच. ते पिंडासाठी आणि वारसासाठी होतं. म्हणून दत्तक घ्यायचा तो मुलगाच, आणि तोही आईने किंवा बापाने स्वतः दिलेला. अनाथ मुलाला दान करणारं कुणी नाही, म्हणून त्याचं दत्तकविधान होऊच शकत नसे. ज्याला घराची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच दार बंद. गादीसाठी मूल आणलं की काय होतं, हे सावंतवाडीने पाहिलं आहे. 1803 मध्ये खेम सावंत तिसरे पुत्राविना वारले. 1805 मध्ये रामचंद्र सावंत यांना दत्तक घेण्यात आलं, आणि गादीच्या भांडणात थोड्याच वर्षांत त्यांचा खून झाला. परदेशी दत्तकाला नावं ठेवताना ज्या परंपरेचा दाखला दिला जातो, तिच्यात आश्रमातल्या मुलीला तर जागाच नव्हती. तरीही त्याच शास्त्राने एक मोलाची गोष्ट ओळखली होती. 'द्व्यामुष्यायण' म्हणजे दोन बापांचा मुलगा, दोन्ही घरांचा वारस आणि दोन्हीकडे पिंड देणारा. एका लेकराला दोन कुळं असू शकतात हे धर्मशास्त्राला मान्य होतं. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यातही त्याची खूण उरली आहे. दत्तक गेल्यावर जन्मघराशी संबंध संपले असं कलम 12 सांगतं, आणि लगेच अपवाद करतं: जन्मघरी राहून ज्याच्याशी लग्न करता आलं नसतं, त्याच्याशी दत्तक गेल्यावरही करता येत नाही. सगळं तोडणाऱ्या कायद्यालाही हा धागा तोडवला नाही.

आपल्या घरात तर हे रोज दिसतं. लग्न झाल्यावर मुलीचं गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, पण म्हणून तिचं माहेर कुणी पुसत नाही. जत्रेला आलेल्या माहेरवाशिणीला 'तू आता परकी' असं कुठलीही देवी म्हणत नाही. यावर कुणी म्हणेल, मुलीला माहेर आठवतं, तान्ह्या पोराला काय आठवणार? आक्षेप बरोबर आहे, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म इथंच आहे. मुलाला आठवत नाही, म्हणून त्याच्यासाठी आठवण ठेवण्याचं कर्तव्य मोठ्यांवर येतं. समुद्र ओलांडल्याने कुळ तुटत नाही. लपवल्याने तुटतं. आणि लपवाछपवी रत्नागिरीत किंवा पुण्यात दत्तक गेलेल्या मुलाच्या बाबतीतही होते, किंबहुना नातेवाईक जवळ असल्याने जास्त होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे: गरिबाचं मूल पैसेवाल्या देशात जातं, हे दान की विक्री? ही भीती उगाच नव्हती. वकील लक्ष्मीकांत पांडे यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये परदेशी दत्तकाला नियम घालून दिले, ते याच भीतीपोटी. भारताने 2003 मध्ये परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार स्वीकारला. 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार मूल सोडणाऱ्या आईला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, आणि मूल दत्तकासाठी मोकळं झाल्यावर साठ दिवसांत देशातलं किंवा अनिवासी भारतीयांचं घर मिळालं नाही, तरच परदेशी घराचा विचार होतो. पाच वर्षांवरची मुलं, भावंडांची जोडी, अपंग मुलं यांना त्यात आधी धरता येतं. म्हणजे बाहेर जाणारी बहुतेक मुलं आपण न घेतलेली असतात. त्यांच्यासाठी हळहळताना हेही कबूल करायला हवं.

मोठं झालेलं मूल आपल्या मुळाचा शोध घेऊ शकतं, हा हक्क आता नियमांत आहे. अठरा वर्षांनंतर त्याला स्वतः अर्ज करता येतो. टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीत दत्तकाच्या कागदांतून आईबापांचं नाव कदाचित निघणार नाही. निघालं तर एखादं रुग्णालय, एखादी पोलीस चौकी, तारीख, एखाद्या गावाचं नाव. ज्या कारकुनाने ते गाव नीट, स्पष्ट अक्षरात लिहून ठेवलं असेल, त्याने त्या लेकराचं गाऱ्हाणं घातलेलं असतं.